छावणीतल्या मजुरीचं येणं

बेंजामिन बटलर हा मॅसॅच्युसेट्सचा वकील. गुलामगिरीवाली दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो मेजर जनरल होऊन व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर दाखल झाला. गुलामगिरीच्या विरोधकांत त्याची गणती नव्हती. उलट महिन्याभरापूर्वीच त्याने मेरीलँडच्या गव्हर्नरला कळवलं होतं, की तुमच्याकडे गुलामांनी उठाव केलाच तर तो मोडायला माझे शिपाई हजर आहेत. अशा माणसाच्या दारात 23 मे 1861 च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडीने येऊन ठेपले. त्यांचा मालक बंडखोर बाजूचा कर्नल. पलीकडच्या किनाऱ्यावर सीवेल्स पॉइंटला तोफांचा मोर्चा बांधायला त्याने त्यांना जुंपलं होतं. आता आपल्याला बायकापोरांपासून तोडून कॅरोलायनाकडे नेणार, अशी कुणकुण लागली तशी त्यांनी होडी काढली.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक मेजर पांढरं निशाण घेऊन आला. पळालेला गुलाम मालकाला परत करायचा असा देशाचा कायदा आहे, तो तुम्ही पाळणार की नाही? बटलरने वकिली काढली. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना? मग परक्या देशाला आमचा कायदा लागू नाही. कर्नलसाहेबांनी इथे यावं, संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावीत. तोवर ही शत्रूच्या युद्धाला कामी येणारी मालमत्ता म्हणून जप्त.

किस्सा चटकदार आहे, म्हणून सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला रस आहे तो पुढच्या तीन-चार दिवसांत. ही बातमी पसरली आणि कुटुंबंच्या कुटुंबं किल्ल्याकडे येऊ लागली. 27 मे रोजी बटलरने वरिष्ठांना पत्र लिहून आपला बेत कळवला: धडधाकट माणसांना कामाला लावतो, सगळ्यांना शिधा देतो, काम न करणाऱ्यांच्या पोटाचा खर्च काम करणाऱ्यांच्या मजुरीतून वळता करतो, आणि कामाचं मोल व झालेला खर्च या दोन्हींचा काटेकोर हिशेब ठेवतो. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांनी 30 मे रोजी मंजुरी दिली. तेही हेच म्हणाले: कामाचा, त्याच्या किमतीचा आणि पोसण्याच्या खर्चाचा हिशेब ठेवा, या माणसांचं पुढे काय करायचं ते मागाहून ठरवू.

माझं म्हणणं या दोन पत्रांवर उभं आहे. गुलामगिरीची भरपाई द्यावी की नाही यावर अमेरिकेत आज जो वाद चालतो, त्यात विरोधकांचा आवडता प्रश्न असा: कुणी कुणाला, किती आणि कोणत्या आधारावर द्यायचं? अडीचशे वर्षांच्या गुलामगिरीबाबत तो प्रश्न खरोखर अवघड आहे. पण 1861 ते 1865 या काळात संघराज्याच्या सैन्याच्या छावण्यांत राबलेल्या माणसांबाबत तो अवघड नाही. काम करून घेणारं सरकार तेच आहे, आजही हयात आहे. दर सरकारनेच ठरवला होता. हजेरी सरकारच्याच कारकुनांनी मांडली. हे थकलेलं वेतन आहे, आणि भरपाईच्या मोठ्या वादाचा निकाल काहीही लागो, ते त्याआधी चुकतं करायला हवं.

काम किती होतं याची कल्पना युद्धाच्या चित्रांवरून येत नाही, कारण चित्रांत संगिनी असतात. त्या संगिनींच्या मागे खंदक खणणारे, तटबंदीची माती वाहणारे, धक्क्यावर गलबतं रिकामी करणारे, खेचरांच्या गाड्या हाकणारे, रेल्वेचे रूळ पुन्हा टाकणारे, लाकूड तोडणारे, इस्पितळात जखमा धुणारे आणि मुडदे पुरणारे लोक होते. युद्ध संपेपर्यंत चार ते पाच लाख माणसं गुलामीतून निसटून संघराज्याच्या फौजेच्या हद्दीत आली. पावणेदोन लाखांहून अधिक काळे पुरुष शिपाई झाले, त्यांतले पुष्कळ याच लोंढ्यातले. बाकीच्यांनी, म्हणजे म्हातारे, बायका, पोरं आणि भरतीत न बसलेले पुरुष यांनी, फौज चालती ठेवली.

आता मजुरीचं पाहू. फोर्ट मन्रोवर बटलरनंतर जनरल जॉन वूल आला. त्याच्या नोव्हेंबर 1861 च्या हुकुमाने पक्क्या मजुराला महिना 10 डॉलर ठरले, आणि पोरसवदा किंवा अशक्त माणसाला 5. मजुराच्या हातात मात्र पडायचे अनुक्रमे 2 आणि 1. उरलेली रक्कम बायका, मुलं आणि अपंगांच्या पोटासाठी म्हणून क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे फौजेचा पुरवठा पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खात्यात. ऐकायला हे कल्याणनिधीसारखं वाटतं. पण याचा व्यवहारी अर्थ असा की पाच-सहा माणसांचा खर्च एका माणसाच्या मजुरीतून भागायचा, आणि गावभर मात्र बोललं जायचं की सरकार या लोकांना फुकट पोसतंय.

वॉशिंग्टनमध्ये तर कहर होता. तिथे क्वार्टरमास्टरच्या कामावरच्या काळ्या मजुरांना महिना 25 डॉलर मिळत. 1862 च्या उत्तरार्धात हुकूम निघाला, की त्यातले 5 डॉलर निराश्रितांच्या निधीसाठी कापायचे. त्याच कामावरच्या गोऱ्या मजुरांना कपात नाही. जे काळे मजूर जन्मापासून स्वतंत्र होते, ज्यांचा गुलामीशी कधी संबंध आला नव्हता, त्यांचेही पाच कापले. त्यांनी अर्ज केले की या निधीशी आमचा काय संबंध. म्हणजे दक्षिणेतल्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या मजुरी बुडवून ज्यांना कंगाल केलं, त्यांच्या निर्वाहाचा कर सरकारने बसवला तो त्यांच्याच रंगाच्या मजुरांवर!

आणि मेम्फिसला संघराज्याचाच जनरल शेर्मन. त्याच्या ऑगस्ट 1862 च्या हुकुमाप्रमाणे तटबंदीवर राबणाऱ्यांना अन्न, कपडे आणि महिन्याला एक पौंड चघळायची तंबाखू. हजेरी लिहायची, वेतन मात्र द्यायचं नाही. का? तर हा माणूस गुलाम की स्वतंत्र याचा निवाडा न्यायालयाने करेपर्यंत पैसे नेमके कुणाचे, त्याचे की मालकाचे, हे ठरत नाही म्हणून. इथे हिशेब ठेवण्यामागचं खरं कारण उघडं पडतं. ज्या मालकांविरुद्ध लढाई चालू होती, त्यांचाच हक्क वहीत जपून ठेवला होता.

नॅशव्हिलचा फोर्ट नेगली हा किल्ला ऑगस्ट ते डिसेंबर 1862 मध्ये उभा राहिला. त्यासाठी सुमारे 2,700 काळी माणसं लावली. काही आपणहून आली, पुष्कळांना रस्त्यातून आणि चर्चमधून पकडून आणलं. त्यांत बायकाही होत्या. उघड्यावर राहून, थंडीत, अपुऱ्या अन्नावर चुनखडीचे दगड फोडता-वाहताना 600 ते 800 माणसं मेली. जेमतेम 310 जणांना मजुरी मिळाल्याची नोंद आहे. हा बंडखोरांचा अत्याचार नव्हे, मुक्तिदात्या बाजूचा आहे. दोन्हींत फरक नाही असं मी मुळीच म्हणत नाही. नॅशव्हिलहून कुणी आपणहून मालकाकडे परत जात नव्हतं, यातच फरक दिसतो. पण मुक्ती दिली म्हणून मजुरी माफ, हा सौदा त्या माणसांनी कधी केला नव्हता.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांना हे पटकन कळेल. सरकारी कागदावर ती 'दुष्काळी मदत' होती; पण रस्ते आणि पाझर तलाव झाले ते त्या मदत घेणाऱ्यांच्या हातांनी. तरी तिथे हजेरीपट होता आणि मजुरी, उशिरा का होईना, मिळत होती. मुकादमाशी भांडता येत होतं. छावणीतला माणूस भांडला तर त्याला बाहेर काढता येई, आणि बाहेर मालक टपलेला असे.

बाहेर काढणं म्हणजे काय ते केंटकीतल्या कँप नेल्सनला दिसलं. केंटकी संघराज्यातच राहिली होती, त्यामुळे बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करणारा लिंकनचा जाहीरनामा तिथे लागू नव्हता. पुरुष फौजेत भरती झाला की तो मुक्त, त्याची बायको आणि मुलं मात्र गुलामच. साहजिकच शिपायांमागोमाग कुटुंबं छावणीत आली. बायका शिपायांचे कपडे धुवायच्या, रांधायच्या. जनरल स्पीड फ्राय यांना हे लटांबर वाटलं, आणि नोव्हेंबर 1864 च्या अखेरीस कडाक्याच्या थंडीत सुमारे 400 बायकामुलांना गाड्यांत घालून हद्दीबाहेर सोडण्यात आलं. झोपड्या पाडल्या, जाळल्या. त्यांतली 102 माणसं मेली.

जोसेफ मिलर या शिपायाने 26 नोव्हेंबरला दिलेली शपथेवरची जबानी उपलब्ध आहे. भरती होताना त्याला शब्द दिला होता, की तुझ्या कुटुंबाला इथे राहता येईल. सकाळी घोडेस्वार आला. मुलगा आजारी होता. या थंडीत नेलंत तर मरेल असं मिलरने सांगितलं. उत्तर मिळालं, गाडीत चढले नाहीत तर गोळी घालीन. रात्री तो कुटुंबाच्या शोधात काही मैल चालत गेला तेव्हा पोरगं मेलेलं होतं. त्याच रात्री परत हजर व्हायचं होतं म्हणून तो छावणीत आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत जाऊन त्याने पोराला पुरलं. जानेवारीत तो स्वतःही वारला. उत्तरेत आरडाओरडा झाला, हुकूम फिरवला गेला, 3 मार्च 1865 ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, शिपायांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा केला. त्या कायद्याचं श्रेय जितकं काँग्रेसला, तितकंच त्या जबानीला आहे असं माझं मत.

फ्रायच्या डोक्यात जो हिशेब होता तोच पुढे कायद्यात उतरला. शिपाई म्हणजे सेवा, बाकी सगळं ओझं. सूझी किंग टेलर तेरा-चौदा वर्षांची असताना जॉर्जियातून निसटली आणि दक्षिण कॅरोलायनाच्या पहिल्या काळ्या पलटणीबरोबर राहिली. कागदावर ती धोबीण. प्रत्यक्षात ती शिपायांना लिहा-वाचायला शिकवायची, बंदुका साफ करायची, जखमींची शुश्रूषा करायची. 1902 साली तिने स्वतःच लिहून ठेवलं, की चार वर्षं तीन महिने मी एक डॉलरही न घेता राबले. 1892 मध्ये काँग्रेसने युद्धातल्या परिचारिकांना महिना 12 डॉलर पेन्शन मंजूर केलं, पण अधिकृत नेमणूक आणि सहा महिने सेवेची अट घालून. काळ्या बायकांच्या नेमणुका झाल्या होत्या स्वयंपाकीण आणि धोबीण म्हणून. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसणारी असली तरी वहीत ती धोबीणच. त्या कायद्याबाहेर राहिल्या.

स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमनचं नाव आज सगळं जग घेतं. टेहळणी, हेरगिरी, शुश्रूषा, आणि 2 जून 1863 च्या कोंबाही नदीवरच्या छाप्यात सातशेहून अधिक गुलामांची सुटका, एवढं तिच्या खात्यात जमा आहे. पोर्ट रॉयलच्या छावणीत ती रात्री आल्याचे केक आणि रूट बिअर हे गोड पेय करून विकायची, त्यावर तिचं पोट चालायचं. पेन्शन मिळालं ते आधी शिपाई नवऱ्याची विधवा म्हणून, महिना 8 डॉलर. 1899 मध्ये ते 20 झालं, युद्धाला चौतीस वर्षं उलटल्यावर. वशिला, प्रसिद्धी आणि काँग्रेसमधले हितचिंतक असलेल्या टबमनची ही कथा, तर कोळशाची पाटी वाहणाऱ्या अनामिकेची काय असेल!

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की त्या काळी गोऱ्या शिपायांचेही पगार महिनोन्‌महिने थकत. खरं आहे. पण त्यांचे पगार थकले आणि मग मिळाले. शिवाय पेन्शन, जमिनीच्या सवलती आणि पुतळे मिळाले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारजवळ पैसाच नव्हता, लाखो माणसांना देवी आणि जुलाबाच्या साथींत जगवणं हेच मोठं काम होतं. यात तथ्य आहे, आणि उत्तरेतून आलेल्या शिक्षिका, डॉक्टर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी यांनी खस्ता खाल्ल्या हे नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. मात्र पैसा नव्हता हे म्हणणं टिकत नाही. एप्रिल 1862 मध्ये राजधानीतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा काँग्रेसने भरपाई दिलीच की. दिली ती मालकांना, माणशी सरासरी 300 डॉलरपर्यंत. गुलामांना काय? देश सोडून जायला तयार असाल तर माणशी 100 डॉलरपर्यंत मदत.

युद्धानंतरही तेच. 1871 मध्ये नेमलेल्या सदर्न क्लेम्स कमिशनने फौजेने उचललेल्या घोडे, डुकरं, मका, कुंपणाची लाकडं यांचे दावे ऐकले, एकनिष्ठ दक्षिणी नागरिकांना पैसे दिले. काही मुक्त काळ्यांनीही त्यात डुकराचे पैसे मिळवले. डुकराचा दावा चाले. खणलेल्या खंदकाचा चालत नसे.

तिसरा आक्षेप काळाचा. दीडशेवर वर्षं झाली, कुठले वारस शोधायचे? हा आक्षेप ज्यांनी काळ जाऊ दिला त्यांच्याच तोंडून ऐकताना मजा वाटते. मागणी उशिरा आलेलीच नाही. रोनोक बेटावरच्या मुक्त गुलामांच्या वसाहतीतल्या लोकांनी मार्च 1865 मध्येच लिंकनपर्यंत तक्रार पोचवली होती, की इथले अधिकारी आम्हाला विकत नाहीत एवढंच, बाकी मालकांनी केलं ते सगळं करतात. कॅली हाउस या नॅशव्हिलच्या धोबिणीने 1890 च्या दशकाअखेर माजी गुलामांच्या पेन्शनसाठी देशव्यापी संघटना उभी केली, पै-पैशाने वर्गणी गोळा केली. सरकारने तिच्यावर टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला आणि 1917 मध्ये तिला तुरुंगात पाठवलं. मिळण्याची शक्यता नसलेल्या पेन्शनचं आमिष दाखवणं हीच म्हणे फसवणूक! म्हणजे सरकारने देणं नाकारायचं, आणि ते नाकारलेलं असूनही कुणी मागितलं तर तो गुन्हा.

आपला या सगळ्याशी एक जुना धागा आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीच्या कामात त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि निरपेक्षतेबद्दल. त्या अर्पणपत्रिकेचा नेम इथल्या उच्चवर्णीयांवर होता: बघा, तिकडचे वरचे लोक खालच्यांसाठी काय करतात. नेम अचूक होता. पण त्यानंतर आपल्या मनात अमेरिकेतल्या मुक्तीचं एकच चित्र राहिलं, देणारे गोरे हात आणि घेणारे काळे. होडी काढणारे तिघे त्यात नाहीत. खरं तर जोतीरावांच्याच नजरेने पाहिलं तर ते दिसायला हवे होते. इंजिनीयर खात्यात मजुरांना कारकून कसे नागवतात यावर पवाडा रचणारा माणूस होता तो. वूलच्या दोन डॉलरांचा अर्थ त्यांना कुणी समजावून द्यावा लागला नसता. (यादवी युद्धाच्या वर्षांत मुंबईच्या कापूसबाजाराला जी चढती कळा आली आणि 1865 मध्ये जी धूळधाण झाली, तीही या युद्धामुळे आटलेल्या अमेरिकी कापसाचीच करणी. ते शेत सोडून छावणीकडे निघालेल्यांचं ऋण कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातल्या शेअरबाजाराला कधी जाणवलं नसणार.)

मग करायचं काय? मला वाटतं, दोन गोष्टी अमेरिकी काँग्रेस उद्या करू शकेल, आणि त्यासाठी गुलामगिरीच्या संपूर्ण भरपाईवर एकमत होण्याची वाट पाहायला नको. पहिली, या मजुरांना कायद्याने युद्धात सेवा केलेले म्हणून मान्यता देणं. असं आधी झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं उडवलेल्या महिला वैमानिकांना नागरी कर्मचारी ठरवून घरी पाठवलं होतं. 1977 मध्ये कायदा करून त्यांना माजी सैनिकांचा दर्जा दिला. त्याच कायद्याच्या वाटेने पहिल्या महायुद्धातल्या टेलिफोन ऑपरेटर महिलांना आणि 1988 मध्ये व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना तो मिळाला. ज्याच्या हातात बंदूक नव्हती त्याने युद्ध केलंच नाही, ही समजूत अमेरिकेने स्वतःच मोडून काढली आहे. फक्त हे मोडणं अजून 1865 पर्यंत मागे पोचलेलं नाही.

दुसरी, पैसे. इथेही पूर्वी एक पाऊल पडलेलं आहे. बंडखोरांचा सेनापती रॉबर्ट ली याच्या आर्लिंग्टनच्या मळ्यावर 1863 मध्ये वसवलेलं मुक्त लोकांचं गाव 1900 मध्ये उठवलं, तेव्हा काँग्रेसने रहिवाशांशी हिशेब मिटवायला 75 हजार डॉलर मंजूर केले, आणि त्यात युद्धकाळात कापलेल्या त्या पाच-पाच डॉलरांचाही विचार झाला. म्हणजे ही कपात सरकार परत देऊ लागतं, हे तत्त्व सरकारने एकदा मान्य केलेलं आहे, त्याच मजुरांपैकी काहीजण जिवंत असताना. जिथे वारस सापडतील तिथे वारसांना, नाही तिथे त्या-त्या छावणीच्या जागेवरच्या वस्त्यांना, शाळांना, दफनभूमींना. अलेक्झांड्रियात अशा एका दफनभूमीवर विसाव्या शतकात पेट्रोल पंप उभा होता. 2014 मध्ये तिथे स्मारक झालं. फोर्ट नेगलीच्या पायथ्याची जागा तर 2018 पर्यंत बांधकामाच्या प्रस्तावात होती. तिथे थडगी असण्याची शक्यता पुढे आल्यावर तो सोडून द्यावा लागला.

सुरुवात नॅशव्हिलपासून करता येईल. त्या किल्ल्याच्या कामाच्या वह्या टेनेसीच्या राज्य अभिलेखागारात आहेत. मजुरांची नावं त्यात आहेत, आणि वहीच्या शीर्षकातच दोन याद्यांचा उल्लेख आहे: एक कामावर घेतलेल्यांची, दुसरी पैसे न दिलेल्यांची. ही दुसरी यादी लष्कराने स्वतःच केलेली आहे.